नटबोल्ट : तेल तापेपर्यंत



गेल्या अंकात टायरमधल्या हवेबद्दल लिहिलं, त्यावर बरेच फोन आले. हवेबद्दल कोणीच काही बोललं नाही. बोलले ते भलत्याच विषयावर : "सकाळी गाडी चालू करून किती वेळ उभी ठेवायची?" शारजाच्या एका वहिनींचे यजमान म्हणे रोज दहा मिनिटं गाडी खाली धडधडत ठेवून वर चहा प्यायला येतात. वहिनींना पेट्रोलची चिंता, यजमानांना इंजिनाची. आणि आमच्या ऊद मेथातल्या इमारतीत नेमकं उलटं. तिथले तरुण वीर बेसमेंटमधून गाडी बाहेर काढतात ती थेट तोफेच्या गोळ्यासारखी. त्यातला एक तरुण वीर आमच्याच घरात राहतो. वय वर्षं एकोणीस, लायसन्स मिळून सहा महिने झालेत.

तर आजचा विषय म्हणजे इंजिन गरम करणं. तसा विषय स्पोर्ट्‌स कारचा आहे, पण ज्यांच्याकडे साधी सेडान आहे त्यांनी पान उलटू नये. मधे कुठेतरी तुमचाही नंबर लागणार आहे.

मी वाढलो नाशिकला. बाबा बँकेत होते आणि त्यांच्याकडे सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, मळकट पांढरी. डिसेंबरातल्या नाशिकच्या पहाटे ज्यांनी अनुभवल्या आहेत त्यांना सांगायला नको. खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय आंघोळ होत नसे. बाबा चोकचा नॉब ओढायचे, स्टार्टर मारायचे, गाडी दोन-तीनदा खोकायची आणि मग सुरू व्हायची. चोक हळूहळू आत ढकलत ते दोन-एक मिनिटं थांबत, आणि मग निघाले तरी गंगापूर रोडला लागेपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, गोगलगायीसारखे. मी मागच्या सीटवरून, "बाबा, पळवा ना!" त्यावर ठरलेलं उत्तर, "अरे, इंजिनाचा अजून चहा झालेला नाही."

पुढे मी एम. एस. करायला मिनेसोटात गेलो. तिथली थंडी म्हणजे नाशिकच्या थंडीचा थोरला भाऊ. उणे पंचवीस सेल्सिअस! तिथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची एक वायर आणि प्लग लोंबकळताना दिसे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं ही विजेवर चालणारी गाडी असावी. नंतर कळलं की इंजिनात एक हीटर बसवलेला असतो आणि रात्री गाडी भिंतीच्या सॉकेटला लावून झोपायचं, म्हणजे सकाळी इंजिन कोमट राहतं. दोन वर्षं तिथे काढली आणि डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं : इंजिन गरम करणं ही थंड देशांची भानगड आहे.

मग आलो दुबईला, आणि हे समीकरण मला महागात पडलं. ते पुढे सांगतो. आधी थोडं तंत्र.

इंजिनात ऑईल कशासाठी असतं? वंगण म्हणून, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते नेमकं काय करतं हे बघण्यासारखं आहे. क्रँकशाफ्ट आणि त्याभोवतीचं बेअरिंग यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते. त्या फटीत तेलाचा थर सतत दाबाखाली पोहोचत राहतो आणि शाफ्ट त्या थरावर अक्षरशः तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. जोवर तेल येतंय तोवर बेअरिंग वर्षानुवर्षं झिजत नाही. तेल यायचं थांबलं, किंवा हवं त्यापेक्षा कमी आलं, की काही सेकंदांत काम तमाम.

आता हे तेल किती पातळ असावं ते इंजिन बनवणारा ठरवतो, आणि तो ठरवतो साधारण शंभर डिग्री सेल्सिअसला धरून. जोरदार इंजिनांत, उदाहरणार्थ बी.एम.डब्ल्यू.च्या एम जातीच्या काही गाड्यांत, '१०डब्ल्यू-६०' नावाचं तेल घालतात. (डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पुष्कळांना ते वजनाचं डब्ल्यू वाटतं. ते दहा म्हणजे दहा डिग्रीही नव्हे. ती नुसती श्रेणी आहे.) हे तेल १०० डिग्रीला साधारण २४ सेंटिस्टोक इतकं दाट असतं. सेंटिस्टोक म्हणजे दाटपणाचं माप, पाणी नेहमीच्या तापमानाला सुमारे एक सेंटिस्टोक. तेच तेल ४० डिग्रीला साधारण १६० असतं, आणि २० डिग्रीला चारशेच्या आसपास जातं.

यातला मधला आकडा पुन्हा वाचा. चाळीस डिग्री! म्हणजे आपल्या ऑगस्टातल्या बेसमेंटचं तापमान. आपल्याला घाम फुटतो, स्टिअरिंगला हात लावता येत नाही, आणि इंजिनातलं तेल मात्र त्याच्या कामाच्या दाटपणापेक्षा सहा-सात पट घट्ट असतं. आपल्याला जे गरम वाटतं ते इंजिनाच्या दृष्टीने गारच. त्याची दुनिया शंभर डिग्रीला सुरू होते. दुबईचा पंचेचाळीसचा उन्हाळा आणि मिनेसोटाचा उणे पंचवीसचा हिवाळा यांत इंजिनासाठी फरक नक्कीच आहे, पण दोन्हीकडे सकाळचं इंजिन थंडच असतं. एक थंड आणि एक अतिथंड, एवढंच.

कोणी म्हणेल, घट्ट तेल असलं तर बिघडलं कुठे? थर उलट जाड बसेल! अहो, थर बसायला आधी तेल तिथवर पोहोचायला हवं ना. गार तेल पंपाला ढकलता ढकलत नाही. दाब वाढतो, मग पंपाची एक झडप उघडते आणि जास्तीचं तेल बेअरिंगकडे जायच्याऐवजी परत खालच्या चेंबरमध्ये पडतं. समोर दाबाचा काटा वर गेलेला दिसतो आणि आपण खूश होतो, पण दाब जास्त म्हणजे तेल जास्त असं नाही. घरातला नळ अर्धा बंद केलात तरी पाइपात दाब असतोच, बादली मात्र भरत नाही. फिल्टरचंही तेच. तेल फार घट्ट असलं की फिल्टरची आडवाट उघडते आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. आणि इंजिन जितकं वेगात फिरेल तितकी तेलाची गरज वाढते. म्हणजे पुरवठा कमी असतो नेमकी तेव्हाच आपण मागणी वाढवतो.

पिस्टनची वेगळी तऱ्हा. माझी सध्याची गाडी २००४ सालची एम-थ्री आहे. (हो, एकवीस वर्षांची झाली. सौ. म्हणते, घरात आणखी एक म्हातारं माणूस आहे.) तिच्या इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून पिस्टन थंड असताना किंचित लंबगोल ठेवतात, तापल्यावर तो हवा तसा गोल होतो. आणि हे इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जातं. पिस्टनचा प्रवास ९१ मिलिमीटरचा. गणित करून बघा, त्या वेगाला पिस्टन सरासरी सेकंदाला चोवीस मीटर धावतो, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर, आणि वाटेत मिनिटाला सोळा हजार वेळा पूर्ण थांबून उलटा फिरतो. हे सगळं त्याने अंगाला न बसणारे कपडे घालून करायचं!

याच्याही पलीकडचं उदाहरण म्हणजे फॉर्म्युला वन. २००९ पासून अबूधाबीला यास बेटावर शर्यत होते, तुमच्यापैकी काही जण बघूनही आले असतील. त्या इंजिनांच्या आतल्या फटी इतक्या नेमक्या असतात की गार असताना ती सरळ चालूच करत नाहीत. आधी बाहेरून गरम पाणी आणि गरम तेल फिरवतात, सगळं अंग तापवतात आणि मगच इंजिन सुरू होतं. आपल्याकडे गावात हलगीवाला वाजवायच्या आधी हलगी जाळावर शेकून घेतो, तसंच म्हणा.

आता वहिनींच्या यजमानांकडे वळतो. गाडी दहा मिनिटं उभी धडधडत ठेवून उपयोग आहे का? नाही. उलट तोटाच. पद्मिनीच्या जमान्यात कार्बोरेटर होता, चोक होता, इंजिन थोडं कोमट झाल्याशिवाय गाडी आचके द्यायची. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला हवा-पेट्रोलचं प्रमाण स्वतःच सांभाळता येतं. उभ्या गाडीवर कामाचा भार नसतो, त्यामुळे ती तापते फार हळू. आणि गार इंजिनाला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढतं आणि खाली तेलात मिसळतं. म्हणजे इंजिनाची काळजी म्हणून जे केलं त्यानेच तेल पातळ होतं. शिवाय गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शिअल, टायर यांतलं काहीच उभ्या गाडीत तापत नाही. आणि बंद बेसमेंटमध्ये धूर सोडत उभं राहणं हे तर विषाशी खेळणं आहे, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. (एस.टी.च्या डेपोत पहाटे बसगाड्या घरघरत उभ्या असतात हे मला माहीत आहे. पण त्यांचे ब्रेक हवेवर चालतात, टाकीत हवेचा दाब भरल्याशिवाय ड्रायव्हरला निघताच येत नाही. ते निराळं प्रकरण.)

करायचं ते इतकंच. चालू करा, पट्टा लावा, आरसा बघा, अर्धा-एक मिनिट झालं की निघा. पण निघा ते बाबांच्या पद्मिनीसारखे. एक्सलरेटरवर पाय हलका, फेऱ्या अडीच-तीन हजारांच्या आत. फार कमी फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये ओढायचीही नाही, त्यानेही बेअरिंगवर ताण येतो. दहा-पंधरा मिनिटं असं चालवा आणि पाण्याच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. पाणी लवकर तापतं, तेल मागून, रमतगमत येतं. त्यात पुष्कळ गाड्यांत तो पाण्याचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की एकदा मध्यावर आला की हलतच नाही, गिऱ्हाईक उगाच घाबरू नये म्हणून. माझ्या एम-थ्रीत बनवणाऱ्याने छान युक्ती केली आहे. फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीच्या कडेला पिवळे दिवे आहेत. गाडी गार असताना ते बरेच खालपासून पेटलेले असतात आणि तेल जसं तापेल तसे एकेक करून विझत जातात. जिथवर दिवे नाहीत तिथवरच जायची मुभा.

आणि हो, सेडानवाल्यांचा नंबर. तुमच्या गाडीत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असलं पातळ तेल असतं, तरी गार आणि गरम यांत चार-पाच-सहा पटींचा फरक राहतोच. फक्त तुम्ही ८,००० फेऱ्या करत नाही म्हणून निभावतं. खरे हाल होतात ते ऊद मेथातल्या घरून शाळेपर्यंत आणि परत, एवढाच संसार असलेल्या गाडीचे. दीड किलोमीटर जायचं, रांगेत उभं राहायचं, पोराला सोडायचं, परत. तेल कधी तापतच नाही, त्यात शिरलेलं पेट्रोल आणि ओल उडून जात नाही. अशा गाडीचं मीटर कमी पडलेलं दिसलं तरी ऑईल वेळेवर बदला आणि आठवड्यातून एकदा तिला लांबवर फिरवून आणा. आमच्याकडे अशी एक गाडी आहे. सौ.ची.

हे सगळं मला पंचविसाव्या वर्षापासून माहीत होतं, मिनेसोटात परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. आता ते महागात पडलेलं प्रकरण.

२०१७ च्या शेवटी मी एक दोन दारांची जर्मन गाडी घेतली, सेकंडहँड. कोणती ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. ऊद मेथाची एक गंमत आहे. राहायला वस्ती शांत, पण दोन सिग्नल ओलांडले की तुम्ही मोठ्या रस्त्यावर. एका बाजूला शेख रशीद रोड, दुसऱ्या बाजूला वाफीवरून रास अल खोरकडे जाणारा ऊद मेथा रोड, जो पुढे अल ऐनला जातो. म्हणजे बेसमेंट ते चढाची मार्गिका, तीन मिनिटं. तिथे गाड्यांच्या ओघात शिरायचं तर वेग घ्यावाच लागतो, आणि मला घ्यायला आवडायचंही. रोज सकाळी, रोज. पाय खाली, फेऱ्या वर, आवाज काय सुंदर! आणि मनात ते समीकरण, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आहे, गरम काय करायचंय?

२०१९ च्या उन्हाळ्यात खालून ठकठक ऐकू यायला लागली. आधी हलकी, सिग्नलला उभं असतानाच. मी रेडिओ मोठा केला. (इंजिनियर असलो तरी माणूस आहे.) मग गाडी अल कूझमधल्या एका गॅरेजात नेली. तिथला मल्याळी मिस्त्री, पन्नाशीचा. त्याने खालचं चेंबर उतरवलं, तेल पांढऱ्या फडक्यावर ओतलं आणि उन्हात धरलं. फडकं चमकीच्या साडीसारखं चमकत होतं. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. वरचा राखाडी मऊ थर गेला होता आणि खालचं तांबं उघडं पडलं होतं. क्रँकशाफ्टवरही ओरखडे. मला म्हणाला, "साब, सुबह कितना दूर जाके पाँव देते हो?"

मी म्हणालो, "दस-बारा किलोमीटर."

तो काही बोलला नाही. फडकं घडी करून बाजूला ठेवलं आणि खर्च सांगितला. इंजिनाचं काम निघालं ते बावीस हजार दिरहमांचं.

आता हे पैसे कुठले, तर आई-बाबांच्या दुबईच्या वारीसाठी बाजूला ठेवलेले. त्या डिसेंबरात दोघांनी महिनाभर येऊन राहायचं ठरलं होतं. पासपोर्ट झाले होते, आईने भाजणीचा बेतसुद्धा आखला होता. मी सौ.ला सांगितलं, जुनी गाडी, नशीब फुटकं, विकणाऱ्यानेच काहीतरी लपवलं असणार. त्या बिचाऱ्याने काही लपवलेलं नव्हतं. बाबांना फोनवर सांगितलं की इंजिनाचं काम निघालंय, तर या वर्षीऐवजी पुढच्या वर्षी या, थंडीत. बाबा म्हणाले, "अरे, त्यात काय, येऊ पुढच्या वर्षी." आणि मग थोडं थांबून, "सकाळी तापू देत होतास ना?"

मी म्हणालो, "हो बाबा."

पुढचं वर्ष २०२०. विमानंच बंद झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. आई त्यानंतर दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा आली तेव्हा विमानतळावरून घरी येताना खिडकीतून बाहेर बघत बसली, काही बोलली नाही.

हे सगळं मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हतो. पण गेल्या ऑगस्टात चिरंजीव एम-थ्री घेऊन निघाले. मी शेजारी बसलो होतो. बेसमेंटच्या उतारावरून बाहेर, दोन सिग्नल, आणि चढाच्या मार्गिकेवर साहेबांनी पाय खाली दाबला. पिवळे दिवे सगळे पेटलेले, काटा त्यांच्यात घुसलेला. मी ओरडलो. इतका की गाडी बाजूला घ्यावी लागली.

"बाबा, बाहेर फोर्टी-फोर आहे! गरम काय करायचं?"

माझंच वाक्य. मी सेंटिस्टोकवर व्याख्यान सुरू केलं. त्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "पण तू तर आधीची गाडी इतकी जपायचास. आई सांगते ना, तरी तिचं इंजिन गेलंच. मग जपून फायदा काय? इट्स जस्ट लक."

मंडळी, याला उत्तर काय देणार? मी सांगितलेल्या खोट्यावरच त्याने आपला सिद्धांत उभा केला होता, आणि तर्क म्हणून बघाल तर सिद्धांत बरोबर होता. शाफ्ट, बेअरिंग, तेलाचा थर, सगळं मी बोलत राहिलो असतो तरी त्याच्या हातात एक पुरावा होता, आणि तो मीच पुरवलेला. मग सांगितलं. बेसमेंटपासून फडक्यापर्यंत. मिस्त्रीने विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तरही. बाबांच्या फोनचं सांगताना जरा वेळ लागला.

बराच वेळ धोक्याचे दिवे टिकटिकत होते. मग त्याने विचारलं, "आजोबांना कळलं होतं?"

"माहीत नाही. त्यांनी परत विचारलं नाही."

असो. नंतर आम्ही दोघांनी मिळून एक उद्योग केला. डॅशबोर्डखाली लावायचं एक छोटं यंत्र मिळतं, गाडीच्या कॉम्प्युटरमधून तापमान वाचणारं. तेलाचं आणि पाण्याचं, दोन्ही. तो वही घेऊन बसला, मी चालवली. घरातून निघून वाफी, रास अल खोर, तिथले फ्लेमिंगो डाव्या-उजव्या हाताला ठेवत अल ऐन रस्त्याने आउटलेट मॉलपर्यंत. एकदा ऑगस्टात, एकदा जानेवारीतल्या शनिवारी भल्या सकाळी. जानेवारीत सहाव्या मिनिटाला पाणी ८५ डिग्रीवर आणि काटा मध्यावर स्थिर. गाडी म्हणते मी तयार. तेव्हा तेल बावन्न! तेलाने ऐंशी गाठली ती चौदा मिनिटं झाल्यावर, रास अल खोर मागे टाकून. ऑगस्टात हाच प्रकार साधारण दहाव्या मिनिटाला. म्हणजे दुबईच्या सगळ्या उन्हाळ्याने मिळून आपले वाचले ते चार मिनिटं. चिरंजिवांनी वहीत त्या चारखाली दोन रेघा ओढल्या.

आणि गाडी जोरात पळवायची ती तरी कुठे? रस्त्यावर नाही, हे वेगळं सांगायला नको, कॅमेरे आहेत आणि लोकांची पोरं रस्ता ओलांडत असतात. आपल्याकडे मोटर सिटीत दुबई ऑटोड्रोम आहे, २००४ साली सुरू झालेला, पूर्ण ट्रॅक ५.३९ किलोमीटरचा. तिथे आपली गाडी घेऊन जाता येतं असे दिवस असतात. ऊद मेथाहून तिथवर जाईतो तेल आपोआप तापतं, हा एक मोठाच फायदा. तरी पहिली फेरी हळूच, कारण टायर आणि ब्रेक अजून गार असतात. शेवटची फेरीही हळू, सगळं निवायला. ज्यांच्या गाडीला टर्बो आहे त्यांनी जोरात पळवून आल्या आल्या किल्ली फिरवू नये. लाल झालेल्या टर्बोतलं तेल जागच्या जागी करपतं. दोन मिनिटं सावकाश चालवून मग बंद करा.

हल्ली गाडी बहुतेक वेळा चिरंजीवच चालवतात. मी शेजारी बसतो, दिवे मोजतो. परवा शेवटचा पिवळा दिवा विझला तो रास अल खोरच्या पुलानंतर. त्याने माझ्याकडे बघितलं. मी बाहेरच्या वेगमर्यादेच्या पाटीकडे बोट दाखवलं. दोघं हसलो.

सौ.ने हा मजकूर अजून वाचलेला नाही. विकणाऱ्याला ती गेली सहा वर्षं शिव्या घालते आहे. अंक छापून हातात पडायला अजून तीन आठवडे आहेत असं संपादक म्हणतात. तेवढ्यात तिच्या गाडीचं ऑईल बदलून, गाडी धुऊन, आउटलेट मॉलपर्यंत फिरवून आणतो. पुढच्या अंकात ब्रेक.